डब्ल्यूकेआरपीतली गाणी बदललेली आहेत हे ओळखायचं कसं, आणि मूळ गाण्यांची आवृत्ती कोणती?

मध्यरात्रीचा_श्रोता

नमस्कार मंडळी. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' (१९७८–८२) ही मालिका घडते एका रॉक रेडिओ केंद्रात. तिथे कोणता निवेदक कोणतं गाणं लावतो यावरूनच माणूस कळतो. माझ्याकडच्या प्रतीत मात्र जॉनी फीव्हर तबकडी लावतो आणि ऐकू येतं ते कुणाचंच नसलेलं गिटारवादन. काही प्रसंगांत गाणं सुरू असताना पात्रं बोलतात तेव्हा त्यांचे आवाजच परके वाटतात. केंद्राची स्वागतिका जेनिफर, तिच्या घराची बेल 'ब्युटिफुल ड्रीमर' वाजवते. जुन्या लेखांत ती 'फ्लाय मी टू द मून' वाजवत असल्याचं लिहिलेलं आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एकदा रीतसर परवाना घेऊन प्रसारित झालेलं गाणं पुढे काढावं का लागतं? समोरच्या प्रतीत नेमका कुठे बदल झाला आहे ते तपासून ठरवण्याची काही पद्धत आहे का? आणि त्या काळातल्या इतर विनोदी मालिकांच्या कोणत्या आवृत्त्या जपून घ्याव्यात? पहिल्या प्रसारणाच्या घरगुती फितींवर सगळं मूळ असतं हे माहीत आहे, पण त्या मिळणं कठीण, म्हणून बाजारात मिळणाऱ्या आवृत्त्यांबद्दल सांगा.


हक्कनोंद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर करारांत आहे. अमेरिकेत टीव्हीच्या भागात एखादं ध्वनिमुद्रित गाणं वापरायचं तर दोन वेगळ्या मालकांकडे जावं लागतं. शब्द आणि चाल, म्हणजे रचना, सहसा संगीत प्रकाशकाच्या ताब्यात असते. ती चित्राला जोडण्यासाठी लागतो तो सिंक परवाना. त्या गायकानं केलेलं ते विशिष्ट ध्वनिमुद्रण असतं रेकॉर्ड कंपनीचं, त्यासाठी मास्टर परवाना. शिवाय प्रसारणाचं मानधन असतं, पण ते वाहिन्या ॲस्कॅप, बीएमआय अशा, गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थांना ठोक करारानं देतच असतात, त्यामुळे पुनःप्रसारण त्यावरून अडत नाही. अडतं ते पहिल्या दोन परवान्यांवर, कारण त्यांना मुदत असते आणि कोणत्या माध्यमासाठी दिले हेही लिहिलेलं असतं.

तुमच्या बेलचंच बघा. बेल म्हणजे नुसती धून, कुठल्याही गायकाचं ध्वनिमुद्रण त्यात नाही, म्हणून मास्टर परवान्याचा प्रश्न नाही. पण 'फ्लाय मी टू द मून' ही बार्ट हॉवर्ड यांची १९५४ची रचना, तिचा सिंक परवाना लागतोच. 'ब्युटिफुल ड्रीमर' स्टीफन फॉस्टर यांची, १८६४ साली प्रसिद्ध झालेली, हक्कमुक्त. म्हणून काही सेकंदांच्या धुनेचीही अदलाबदल झाली. रचना हक्कमुक्त असली तरी तिचं प्रत्येक ध्वनिमुद्रण हक्कमुक्त असतं असं मात्र नाही. तबकडीवरचं गायन वापरायचं असतं तर त्याची वेगळी चौकशी करावी लागली असती.

डब्ल्यूकेआरपी फिल्मऐवजी व्हिडिओ फितीवर चित्रित झाली त्यामागेही संगीतच होतं. त्या वेळच्या दरांनुसार फितीवरच्या कार्यक्रमासाठी गाण्यांचे परवाने फिल्मपेक्षा स्वस्त पडत. मालिकेचे कर्ते ह्यू विल्सन यांना खरीखुरी, त्या महिन्यात गाजत असलेली गाणी हवी होती. तशी ती मिळालीही, पण मर्यादित मुदतीनं. मुदत संपली तेव्हा तीच गाणी अभिजात झाली होती आणि त्यांचे दर कितीतरी वाढले होते. पुढच्या पुनःप्रसारणांसाठी ती काढून त्यांच्या जागी भाड्याचं, म्हणजे तयार संग्रहातून घेतलेलं स्वस्त संगीत भरलं गेलं.

कॅसेट आणि डिस्कची गोष्ट आणखी वेगळी. १९७०च्या दशकातल्या करारांत 'टेलिव्हिजनसाठी' एवढंच लिहिलेलं असायचं. त्यात घरी विकायची कॅसेट येते का, यावर कोहेन विरुद्ध पॅरामाउंट या खटल्यात नवव्या सर्किट न्यायालयानं (अमेरिकेतलं एक संघीय अपील न्यायालय) १९८८ साली निकाल दिला. वाद 'मीडियम कूल' या चित्रपटातल्या एका गाण्याचा होता, परवाना १९६९चा. टीव्हीवर दाखवण्याच्या परवान्यात व्हिडिओ कॅसेटची विक्री येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. पुढे करारांत 'आज माहीत असलेली आणि यापुढे निघणारी सर्व माध्यमं' अशा अर्थाची शब्दयोजना नेमानं दिसू लागली. त्याआधीच्या मालिका या खिंडीत सापडल्या.

आणखी एक कलम फार त्रास देतं: मोस्ट फेव्हर्ड नेशन्स, थोडक्यात एमएफएन. आपल्याला मिळालेल्या दरापेक्षा दुसऱ्या कुणाला जास्त मिळाला तर आपलाही तितकाच वाढवून द्यायचा, अशी ही अट. प्रकाशक आणि रेकॉर्ड कंपनी दोघंही ती घालतात. एका गाण्याचा मालक अडून बसला आणि त्याला जास्त दिले, की अशी अट असलेल्या बाकीच्यांचेही आकडे वर जातात. म्हणून कंपनी हिशेब करते तो अख्ख्या सीझनचा. 'मर्फी ब्राउन' आणि 'द ड्रू कॅरी शो' यांचे अमेरिकेत पहिल्या सीझनचे डीव्हीडी संच निघाले आणि काम तिथेच थांबलं, त्यात गाण्यांच्या खर्चाचा मोठा वाटा होता. 'माल्कम इन द मिडल'चंही तसंच.

मूळ गाण्याची हुबेहूब नक्कल गाऊन का भरत नाहीत, असा प्रश्न नेहमी येतो. नक्कल केली तरी रचना तीच, म्हणजे सिंक परवाना हवाच. आणि रचना बदलून नुसता आवाज नामवंत गायकासारखा ठेवला तर तोही धोका. मिडलर विरुद्ध फोर्ड (१९८८) हा खटला जाहिरातीबद्दलचा होता, पण ओळखीच्या गायिकेच्या आवाजाची नक्कल करून घेणं महागात पडू शकतं हे त्यातून सगळ्यांना कळलं. त्यामुळे बदली संगीत बहुधा शब्दाविना असतं, लय आणि वाद्यं मूळच्या जवळची, चाल मुद्दाम दूरची.


ध्वनिरेषा

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ऑडॅसिटीसारखं ध्वनिसंपादनाचं मोफत साधन आणि बरे हेडफोन एवढ्यावर बरंच काही ठरवता येतं. पण आधी वेग तपासून घ्या, नाहीतर बदल नसलेल्या गाण्यालाही बदललेलं म्हणाल.

फिल्मवर चित्रित झालेल्या मालिका सेकंदाला २४ चौकटींच्या. पाल पद्धतीच्या (युरोप, भारत इथल्या टीव्हीच्या) डिस्कवर त्या २५ चौकटींनी चालवतात, म्हणून सगळं सुमारे ४ टक्के वेगानं धावतं. २५ मिनिटांचा भाग २४ मिनिटांत संपतो आणि सूर सुमारे ०.७ सेमीटोन चढतो, म्हणजे सा ते कोमल रे या अंतराहून थोडा कमी. ओळखीचं गाणं ऐकून 'हे कुणीतरी दुसऱ्यानं गायलंय' असं वाटतं ते यामुळे. डब्ल्यूकेआरपी फितीवरची आहे. तिचं पालमध्ये रूपांतर होताना चौकटी नव्यानं बसवल्या जातात, वेग बदलत नाही. तेव्हा तिच्यात सूर चढलेला दिसला तर कारण दुसरं शोधा. काही वाहिन्या जाहिरातींना जागा करण्यासाठी भाग थोडा वेगानं चालवतात. त्यात सूर यंत्रानं पुन्हा खाली आणलेला असतो, पण ताल मात्र मूळ तबकडीपेक्षा जलद निघतो. ठोके मोजले की कळतं.

मग लांबी बघा. त्या काळी अर्ध्या तासाच्या मालिकेचा भाग जाहिराती वगळून साधारण २५ मिनिटांचा असे. २२–२३ मिनिटांची प्रत कापलेली आहे असं धरा, आणि गाण्याचे प्रसंग कात्रीत आधी सापडतात.

आता खरी चाचणी. अमेरिकेत टीव्हीचं स्टिरिओ प्रसारण १९८४ साली सुरू झालं. त्याआधीच्या मालिकांचा अंतिम ध्वनी मोनो, म्हणजे डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी. नंतर भरलेलं संगीत पुष्कळदा स्टिरिओ असतं. ऑडॅसिटीत ध्वनी उघडा (व्हिडिओ फाइलसाठी एफएफएमपेग जोडावं लागतं). पट्टीच्या नावावरच्या यादीतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा, खालची पट्टी निवडून 'इन्व्हर्ट' लावा, मग दोन्ही निवडून 'मिक्स अँड रेंडर'. जे दोन्हीकडे सारखं होतं ते एकमेकांना खोडून जवळजवळ शांत होतं. उरतो तो दोन बाजूंमधला फरक. संवादांत पुसट गुरगुर आणि गाणं आलं की ढळढळीत उसळी, असं दिसलं तर ते संगीत मूळ मिश्रणातलं नाही.

इथे दोन फसवणुका आहेत. आकार कमी करण्यासाठी दाबलेल्या (कॉम्प्रेस्ड) ध्वनीत बारीक कचरा सगळीकडेच उरतो, म्हणून उरलेल्या आवाजाची पातळी संवादात किती आणि गाण्यात किती अशी तुलनाच करा. आणि काही प्रकाशक अख्ख्या मोनो ध्वनीला खोटं स्टिरिओ रूप देतात. मग उसळी सगळीकडे दिसेल, तेव्हा ही चाचणी सोडून द्या.

दुसरी चाचणी मला जास्त आवडते. एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या टीव्हीची आडवी रेषा सेकंदाला १५,७३४ वेळा आखली जाते, आणि स्टुडिओतल्या मॉनिटरांची ती बारीक शीळ मायक्रोफोनमध्ये, तारांमध्ये उतरते. फितीवरच्या मालिकांत ती पुष्कळदा सापडते. पट्टीचं दृश्य 'स्पेक्ट्रोग्राम' करा, विंडो ४०९६ ठेवा आणि १५.७ किलोहर्ट्झच्या आसपास बघा. बारीक सलग आडवी रेघ दिसते. जिथे ती अचानक तुटते आणि काही सेकंदांनी पुन्हा उगवते, तिथला संपूर्ण ध्वनी, संवादासकट, नव्यानं बांधलेला आहे. रेघ मुळातच नसेल तर काही सिद्ध होत नाही. कमी बिटरेटच्या फाइलमध्ये १५–१६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं छाटलेलं असतं, शिवाय डिस्क बनवताना ही शीळ गाळण्याचीही पद्धत आहे.

नुसत्या कानानं ऐकताना लक्ष हशाकडे द्या. प्रेक्षकांसमोर चित्रित झालेल्या प्रसंगात हशा हळूहळू विरतो आणि त्याचं शेपूट पुढच्या वाक्याखाली, गाण्याच्या पहिल्या ठोक्याखाली जातं. बदललेल्या जागी हे शेपूट तुटतं, किंवा साठवणीतला दुसरा हशा येतो, ज्यात त्या सभागृहाचा घुमारा नसतो. संवाद आणि गाणं एकाच मोनो पट्टीत मिसळलेलं असेल तर गाणं एकटं उपसून काढता येत नाही. दोन इंची क्वाड्रुप्लेक्स फितीवर कार्यक्रमाची ध्वनिपट्टी एकच, शिवाय एक सूचनापट्टी, बस. म्हणून तो तुकडा पूर्ण पुसून संवाद पुन्हा बोलवून घ्यावे लागतात. डब्ल्यूकेआरपीत काही ठिकाणी हे काम मूळ नटांऐवजी त्यांच्यासारखा आवाज काढणाऱ्यांकडून झालं. तुम्हाला परके वाटलेले आवाज हेच असणार.


दोनइंचीफीत

वरच्या माहितीत एक दुरुस्तीवजा भर. स्टिरिओची उसळी म्हणजे परकं गाणं, असा निष्कर्ष लगेच काढू नका. २०१४ साली शाउट फॅक्टरीनं डब्ल्यूकेआरपीचा चारही सीझनांचा संच काढला, त्यात बहुतांश मूळ गाणी परत आली. अशा पुनर्स्थापनेत मूळ गाणं तबकडीच्या स्टिरिओ प्रतीवरून नव्यानं बसवलं गेलं असेल तरी चाचणीत उसळी दिसणारच. चाचणी एवढंच सांगते की या जागी कुणीतरी नंतर हात लावला. गाणं मूळचं की भाड्याचं हे कानानंच ठरवायचं.

उलट २००७चा फॉक्सचा पहिल्या सीझनचा डीव्हीडी संच टाळा. त्यात गाणी मोठ्या प्रमाणात बदललेली आहेत आणि काही संवादही गेले आहेत. काय गेलं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 'टर्कीज अवे' या भागातलं. त्यात केंद्राचे व्यवस्थापक कार्लसनसाहेब प्रसारणकक्षात येतात तेव्हा पिंक फ्लॉइडचं 'डॉग्ज' लागलेलं असतं. ते जॉनीला वाद्यवृंदाचं नाव विचारतात आणि मग, यात कुत्री भुंकताहेत का, असंही विचारतात. विनोद पूर्ण त्या गाण्यावर उभा आहे. गाणं काढलं की प्रश्नाला अर्थ उरत नाही, म्हणून बदललेल्या प्रतींत तो संवादच कापलेला असतो. तसंच पहिल्या भागात जॉनी संथ संगीताच्या तबकडीवरून सुई खरवडून टेड न्यूजंटचं 'क्वीन ऑफ द फॉरेस्ट' लावतो. त्या क्षणी केंद्राचं आयुष्य बदलतं. तिथे मिळमिळीत गिटार वाजली तर प्रेक्षकाला धक्का बसायचा कसा?

मला याबद्दल ठाम वाटतं की अशा प्रसंगात बदल म्हणजे संहितेतलं वाक्य खोडण्यासारखंच आहे. व्हीनस फ्लायट्रॅप सोल संगीत लावतो, जॉनी रॉक लावतो, आणि दोघांचे स्वभाव लेखकानं त्या निवडीतून मांडले आहेत. दोघांच्याही पाळीत एकाच साच्यातलं भाड्याचं संगीत वाजलं की दोन माणसं एक होतात. वेष्टनाच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांत 'या आवृत्तीसाठी काही संगीत बदलले आहे' अशा अर्थाची ओळ असते, संच घेण्याआधी ती वाचा. 'मूळ प्रसारणापेक्षा संपादित असू शकते' ही ओळ त्याहून वाईट, कारण तिच्यात कापलेले प्रसंगही येतात.


शीर्षकगीत७४

इतर मालिकांचं सांगतो, मुख्यतः शीर्षकगीतांच्या बाजूनं, कारण बदल तिथे सगळ्यात लवकर कळतो.

'हॅपी डेज'च्या पहिल्या दोन सीझनांची सुरुवात 'रॉक अराउंड द क्लॉक'नं व्हायची, बिल हेलींनी मालिकेसाठी नव्यानं मुद्रित केलेलं. तिसऱ्या सीझनपासून चार्ल्स फॉक्स आणि नॉर्मन गिंबेल यांचं 'हॅपी डेज' हे गाणं आलं. पुनःप्रसारणाच्या काही प्रतींत, दुसऱ्या सीझनच्या डीव्हीडीत आणि पहिल्या सीझनच्या नंतरच्या छपाईत सुरुवातीलाही हे दुसरंच गाणं लावलेलं आहे. म्हणजे पहिला सीझन घ्यायचा तर सुरुवातीची छपाई शोधा. वेष्टन तेच दिसतं म्हणून फसू नका.

'बोझम बडीज' (१९८०–८२) हे हक्कनोंद यांच्या मुद्द्याचं अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण. शीर्षकगीत बिली जोएल यांचं 'माय लाइफ', पण गायलेलं दुसऱ्या गायकानं. म्हणजे जोएल यांच्या तबकडीचा मास्टर परवाना मुळातच लागला नव्हता. तरी रचनेचा हक्क राहिलाच, आणि पुनःप्रसारणात व डिस्कवर त्याच्या जागी 'शेक मी लूज' आलं.

'मॅरीड... विथ चिल्ड्रन'मध्ये सिनात्रांचं 'लव्ह अँड मॅरेज' अकरा सीझन वाजलं. अमेरिकेतल्या डीव्हीडींत पहिले दोन सीझन तसेच आहेत, तिसऱ्यापासून त्याजागी वाद्यसंगीताचा एक तुकडा आहे. टीव्हीवर पुनःप्रसारणात गाणं ऐकू येतं आणि विकत घेतलेल्या डिस्कवर नाही, याचं कारण वर आलंच आहे. माध्यम वेगळं, परवाना वेगळा.

'द वंडर इयर्स' (१९८८–९३) वर्षानुवर्षं डीव्हीडीवर आलीच नाही. साठ-सत्तरच्या दशकांतली शेकडो गाणी आणि सुरुवातीला जो कॉकर यांचं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स'. २०११च्या सुमारास ती नेटफ्लिक्सवर आली तेव्हा शीर्षकगीत दुसऱ्याच गायकाच्या आवाजात होतं. २०१४ साली टाइम लाइफचा पूर्ण संच निघाला, त्यात कॉकर यांचा आवाज आणि बहुतेक गाणी मूळ आहेत. घ्यायचं तर तेच. ॲनिमेशन चालत असेल तर 'डारिया'बद्दल आधीच सांगून ठेवतो: २०१०च्या डीव्हीडी संचात तेव्हाची बहुतेक गाणी नाहीत आणि त्यावर इलाज करणारी दुसरी अधिकृत आवृत्ती नाही.

आता एक उलटी गंमत, तीही कामाची. 'द बेव्हर्ली हिलबिलीज'चे सुरुवातीचे ५५ भाग आणि 'द अँडी ग्रिफिथ शो'चे तिसऱ्या सीझनमधले १६ भाग हक्कमुक्त झाले, कारण १९६४च्या आधी प्रसिद्ध झालेल्या कृतींचा हक्क अठ्ठावीस वर्षांनी नूतन करावा लागे आणि त्यांचा तो झाला नाही. म्हणून स्वस्तातल्या डिस्कवर हे भाग कुणीही काढतं. पण 'द बॅलड ऑफ जेड क्लॅम्पेट' आणि 'द फिशिन होल' या शीर्षकसंगीतांचे हक्क वेगळे आणि शाबूत. त्यामुळे या डिस्कवर चित्र मूळ आणि सुरुवातीला कुठलंतरी बँजो किंवा शीळ. स्वस्त संच हातात आला तर पहिल्या मिनिटातच ओळखू येतो.


हक्कनोंद

शीर्षकगीत निदान बदलता तरी येतं. पात्रानं स्वतः पडद्यावर गायलेलं गाणं बदलायची सोयच नसते. तिथे मास्टर परवाना लागत नाही, पण रचनेचा लागतो, आणि तो नाही मिळाला तर ओठ हलताना दिसतात म्हणून दुसरं काही भरता येत नाही. मग प्रसंगच कापतात. 'द ऑड कपल'च्या (१९७०–७५) दुसऱ्या सीझनपासूनच्या डीव्हीडींत असे काप आहेत, काही तर एखाददुसरी ओळ गुणगुणण्यापुरते. ध्वनीच्या कुठल्याही चाचणीत हे सापडत नाही. त्यासाठी लांबीच मोजायला हवी.

वाढदिवसाच्या गाण्याचीही हीच कथा. 'हॅपी बर्थडे टू यू'वर प्रकाशकाचा दावा होता, तो न्यायालयानं २०१५ साली अमान्य केला. त्याआधीच्या मालिकांत केक कापताना 'फॉर ही इज अ जॉली गुड फेलो' गातात ते दर वेळी पात्रांच्या आवडीनं नव्हे.


मध्यरात्रीचा_श्रोता

सगळ्यांचे आभार, दोन्ही चाचण्या करून पाहिल्या. भागाची लांबी २४ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे मोठा काप नसावा. १५.७ किलोहर्ट्झची रेघ स्पष्ट आहे. तीन जागा अडल्या:

क. गाणं अनोळखी, पण उलटवून मिसळल्यावर पूर्ण खोडलं जातं आणि रेघ सलग आहे. वर संवाद आहेत.
ख. रेघ तुटते, गाणं उसळी मारतं, आवाज परके.
ग. संवाद नाहीत, फक्त तबकडी फिरताना दिसते. रेघ तुटते, पण गाणं मोनो आहे.

क बदललेलं समजायचं का?


ध्वनिरेषा

ख बद्दल शंका नको. रेघ, उसळी आणि आवाज, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. तो तुकडा पूर्ण नव्यानं बांधलेला आहे.

ग सुद्धा बदललेलंच, फक्त बदल मोनोत झाला आहे. मोनो असणं म्हणजे मूळ असणं नव्हे. पुनःप्रसारणाच्या फिती मोनोच होत्या, त्यामुळे त्या काळात भरलेलं संगीतही मोनोत मिसळलं गेलं. संवाद नसल्यानं जुना ध्वनी सरळ पुसून नवा ठेवला, म्हणून रेघही गेली.

क वर घाई करू नका. दोन शक्यता आहेत. त्या प्रसंगाची संवादाची पट्टी वेगळी जपलेली होती आणि तिच्यावर नवं संगीत मोनोत चढवलं, तर संवादाबरोबर रेघ टिकते आणि संगीतही खोडलं जातं. किंवा ते संगीत पहिल्यापासून तेच आहे. मूळ मालिकांतही सगळीकडे गाजलेली गाणी नव्हती, केंद्रातल्या स्पीकरवर मागे कुजबुजणारं संगीत पुष्कळदा साठवणीतलंच असे. अनोळखी म्हणजे बदललेलं, असं धरून चालल्यानं चुकीच्या याद्या फिरत राहतात.

निवाडा संवादातून करा. गाणं संपल्यावर जॉनी किंवा व्हीनस कुणाचं नाव घेतो? नाव एक आणि गाणं दुसरं असेल तर उत्तर मिळालं. बहिऱ्यांसाठीची उपशीर्षकं सुरू करून बघा, ती कधीकधी जुन्या प्रतीवरून केलेली असतात आणि गाण्याचे मूळ शब्द त्यांत तसेच राहून जातात. पडद्यावर कुणी ठेका धरत असेल तर बोटं आणि ठोके जुळतात का ते मोजा. प्रेक्षकांसमोर तेव्हा गाणं प्रत्यक्ष वाजत असेल तर मूळ जागी ते जुळलेच पाहिजेत. एवढं करून शंका उरली तर न्यूयॉर्कचं पेली सेंटर आणि लॉस एंजेलिसमधलं यूसीएलएचं चित्रपट-टीव्ही संग्रहालय यांच्या सूची बघा. त्यांत पहिल्या प्रसारणाची प्रत असेल तर तिथे जाऊन पाहता येते.

नोंद ठेवताना वेळ फाइलच्या सुरुवातीपासून मोजू नका. शीर्षकगीताच्या शेवटच्या चौकटीपासून मोजा आणि मधली जाहिरातीची काळी चौकट हा दुसरा शून्यबिंदू धरा. प्रत्येक आवृत्तीच्या सुरुवातीला कंपनीची वेगळी पाटी जोडलेली असते, त्यामुळे सरळ मोजलेले सेकंद दुसऱ्या कुणाच्या प्रतीशी जुळत नाहीत. क, ख, ग या जागा अशा मोजून इथे टाका, २०१४च्या संचाशी ताडून बघता येईल.